माळवद उघडणारे चौघे : ख्रिस्ती समूह, श्रद्धा आणि आरोग्य

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती मनुष्याची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. कफर्णहूम गावी प्रभू येशू घरात आहे, दारात पाय ठेवायला जागा नाही, म्हणून चौघेजण आपल्या आजारी सोबत्याला बाजेसह वर चढवतात, छप्पर उकरतात आणि त्याला प्रभूच्या पुढ्यात खाली सोडतात. शहरात वाढलेल्या वाचकाला हे छप्पर उकरणे चमत्कारिक वाटते. मराठवाड्यातल्या माणसाला ते समजावून सांगावे लागत नाही. दगडमातीच्या जाड भिंती, लाकडी खण, त्यावर फळ्या आणि वर हातभर मातीचे माळवद अशा घरांत येथील पिढ्यान्‌पिढ्या राहिल्या. माळवदावर ज्वारी वाळवली जाते, उन्हाळ्यात झोपले जाते. कुदळ घेतली तर ते उकरताही येते.

या कथेत एक बारीक गोष्ट आहे, ती बहुधा प्रवचनात निसटून जाते. मार्क सांगतो की, प्रभूने 'त्यांची' श्रद्धा पाहिली. हे अनेकवचन आहे. आजाऱ्याच्या स्वतःच्या श्रद्धेविषयी तेथे अवाक्षर नाही. तो कदाचित हताश झाला असेल, कदाचित चिडलेला असेल. बाज उचलणाऱ्यांच्या श्रद्धेवर त्याला क्षमा मिळाली आणि तो उठून घरी गेला. श्रद्धा आणि आरोग्य यांचा समूहाशी काय संबंध आहे, याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, तिचा दुरुपयोग कसा होतो आणि आपल्या महाराष्ट्राच्या मातीत तिचे खरे दर्शन कोठे घडले, याची माहिती एकत्रितपणे वाचकांच्या हाती असावी म्हणून हा लेख. तो लिहिताना धाराशिव जिल्हा सतत डोळ्यांपुढे आहे. त्याची कारणे ओघात येतील.

शास्त्रातील आरोग्यदान

शुभवर्तमानांत प्रभू येशू ज्यांना बरे करतो, त्यांतील बहुतेकांचे दुखणे दुहेरी आहे. शरीराला रोग आहे आणि समाजाने दार लावून घेतले आहे. कुष्ठरोग्याने गावाबाहेर राहावे असा लेवीय ग्रंथातील नियम होता. रक्तस्रावाने बारा वर्षे पिडलेली स्त्री नियमानुसार अशुद्ध होती; तिला गर्दीत मिसळण्याचीही मुभा नव्हती. प्रभू तिला बरे करून थांबत नाही. तो तिला सर्वांदेखत पुढे बोलावतो आणि 'मुली' अशी हाक मारतो. लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोग्यांना तो याजकांकडे पाठवतो, कारण गावात परत येण्याचा परवाना त्या काळी याजकाच्या हाती होता. योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध मनुष्याविषयी शिष्य विचारतात की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईवडिलांचे? प्रभू तो प्रश्नच मोडीत काढतो. आजार म्हणजे पापाची शिक्षा, ही समजूत आजही आपल्या घराघरांतून जिवंत आहे आणि आजाऱ्याला ती रोगापेक्षा अधिक छळते.

संत याकोबाच्या पत्रातील पाचवा अध्याय (ओव्या १४ ते १६) हा या विषयाचा पाया होय. कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावे, त्यांनी प्रभूच्या नावाने तेल लावून प्रार्थना करावी आणि सर्वांनी एकमेकांसाठी प्रार्थना करावी, असा त्याचा आशय आहे. येथे आजारी मनुष्य कोणा सिद्धपुरुषाच्या शोधात गावोगाव फिरत नाही. मंडळी त्याच्या घरी येते.

आजाऱ्यांचा तैलाभ्यंग

याच शिकवणीतून सात संस्कारांपैकी आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार आला. मध्ययुगात तो हळूहळू मरणासन्नांपुरता उरला आणि 'अंतिम अभ्यंग' म्हणून ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे वडीलधारी माणसे अजूनही 'शेवटचे तेल' म्हणतात. त्यामुळे धर्मगुरू तेलाची कुपी घेऊन दारात आला की घरात रडारड सुरू होते, आणि ती टाळावी म्हणून नातेवाईक धर्मगुरूला इतक्या उशिरा बोलावतात की आजारी मनुष्याला शुद्ध नसते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) पवित्र उपासनाविधीवरील संविधानात स्पष्ट केले की, हा संस्कार केवळ मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी नाही. पोप पॉल सहावे यांनी ३० नोव्हेंबर १९७२ रोजी या संस्काराची नवी विधिरचना जाहीर केली. ऑलिव्ह तेल मिळत नसेल तेथे दुसरे वनस्पतिजन्य तेल वापरण्याची मुभाही तेव्हापासून आहे. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे ज्याच्या जिवाला धोका निर्माण होऊ लागला आहे त्याला हा संस्कार देता येतो. मनुष्य बरा होऊन पुन्हा गंभीर आजारी पडला किंवा त्याच दुखण्यात प्रकृती अधिक बिघडली, तर तो पुन्हा देता येतो. तो देण्याचा अधिकार महागुरू व धर्मगुरू यांनाच आहे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये जागतिक आजारी दिनाची स्थापना केली आणि १९९३ पासून तो ११ फेब्रुवारीस, लूर्दमातेच्या सणादिवशी, पाळला जातो. लूर्द येथे १८५८ मध्ये पवित्र मरियेचे दर्शन घडले. तेथे बरे झाल्याचे दावे हजारोंनी नोंदले गेले. १८८३ पासून तेथे वैद्यकीय तपासणी कचेरी आहे आणि इतक्या वर्षांत ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरहून थोड्याच अधिक आहेत. ख्रिस्तसभा चमत्कार मानते, पण मान्य करताना घाई करीत नाही, हे यातून ध्यानात यावे.

जे मी विचारले नाही

आता थोडे अप्रिय लिहिणे भाग आहे. गेल्या तीन-चार दशकांत आरोग्यप्रार्थनेच्या मेळाव्यांना उधाण आले. तेथे अनेकांना मनःशांती लाभली, मोडलेले संसार सांधले गेले, दारू सुटली. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याबद्दल परमेश्वराचे आभार मानतो. परंतु माझ्या एका जुन्या धर्मग्रामात क्षयाचा रोगी असलेला एक तरुण बाप होता. दोन लहान मुले, रोजंदारीचे काम. एका मेळाव्याहून तो परतला तो उजळलेल्या चेहऱ्याने. आपण बरे झालो अशी त्याने सर्वांसमोर साक्ष दिली. खोकलाही खरोखर कमी झाला होता, कारण तोवर त्याच्या पोटात दोन महिन्यांची औषधे गेली होती. त्याने उरलेली औषधे बंद केली. पुढे रोग उलटला तो औषधांना दाद न देणारा होऊन. दीड वर्षाने मीच त्याला माती दिली.

त्या काळात तो दर रविवारी मिस्साला येत असे. मी त्याचा हात हातात घेत असे, कसे आहे विचारत असे आणि तो बरे आहे म्हणत असे. गोळ्या चालू आहेत का, हा साधा प्रश्न मी कधी विचारला नाही. त्याच्या शेजाऱ्याने विचारला नाही, भजनी मंडळाने विचारला नाही. साक्ष ऐकून टाळ्या वाजवणारे आम्ही पुष्कळ होतो. बाज उचलायला चौघे जमले नाहीत.

या बाबतीत रोमचे मार्गदर्शन संदिग्ध नाही. श्रद्धासिद्धान्त मंडळाने १४ सप्टेंबर २००० रोजी आरोग्यप्राप्तीच्या प्रार्थनांविषयी एक सूचनापत्र काढले. त्यावर तत्कालीन कार्डिनल जोसेफ रात्झिंगर यांची, म्हणजे पुढील पोप बेनेडिक्ट सोळावे यांची, स्वाक्षरी आहे. आजाऱ्याने बरे होण्यासाठी प्रार्थना करणे योग्य आणि स्वाभाविक आहे, असे ते पत्र सांगते. वैद्यकीय उपायांचा आधार घेणेही ते तितकेच योग्य मानते. त्यातील शिस्तीचे नियम दहा आहेत. उपासनाविधीतील आरोग्यप्रार्थना आणि इतर प्रार्थनासभा यांची सरमिसळ होऊ नये, मिस्साविधीत अशा प्रार्थना घुसडू नयेत (श्रद्धावंतांच्या प्रार्थनेतील विनंती अर्थातच चालते), उन्माद, कृत्रिमता, नाटकीपणा व सनसनाटी यांना थारा देऊ नये आणि गैरप्रकार आढळल्यास महागुरूंनी हस्तक्षेप करावा, हा त्यांचा गाभा. पंचवीस वर्षांपूर्वीचे हे पत्र आपल्या किती धर्मग्रामांत वाचले गेले, हा प्रश्न मी स्वतःपासून विचारतो.

यात कायद्याचाही भाग आहे. औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्राचा कायदा १९५४ पासून आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर महाराष्ट्राने अमानुष व अघोरी प्रथा आणि जादूटोणाविरोधी कायदा केला. तो कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेच्या आड येत नाही. आजाऱ्याला उपचारांपासून रोखणाऱ्याच्या आड येतो. ख्रिस्ती मनुष्याला त्याची भीती वाटण्याचे कारण नाही.

जामखेड

समूहाने आरोग्य द्यायचे म्हणजे नेमके काय करायचे? याचे उत्तर शोधताना दूर जाण्याची गरज नाही. भूम आणि परंडा या धाराशिव जिल्ह्यातील तालुक्यांना लागूनच, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात जामखेड आहे. १९४८ पूर्वी या दोहोंमधून निजामाच्या राज्याची सीमा जात होती. अलीकडच्या नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आणि पुढे काथॉलिक मिशनरी काम करीत होते, म्हणून तेथे ख्रिस्ती वस्ती मोठी आहे. पलीकडे धाराशिवकडे ती विरळ राहिली. दुष्काळ मात्र सीमा पाहत नव्हता. तो दोन्हीकडे सारखाच होता.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. १९६० मध्ये विवाह करताना खेड्यातील गरिबांची सेवा करण्याचे व्रत त्यांनी घेतले होते. नगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या लक्षात आले की, आज बरा करून पाठवलेला रोगी तेच दुखणे घेऊन परत येतो, कारण तेच पाणी, तीच उपासमार. पुढे अमेरिकेत शल्यचिकित्सा व वैद्यक यांचे शिक्षण आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते १९७० मध्ये जामखेडला आले आणि सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू झाला.

गावकऱ्यांनी त्यांना सांगितले की, आम्हांला आधी अन्न आणि पाणी हवे. डॉक्टरांनी ते ऐकले, हे विशेष. सामुदायिक स्वयंपाकघरे झाली, १९७२ च्या दुष्काळात कूपनलिका खोदल्या गेल्या. त्या दलित वस्तीत घेण्याचे धोरण त्यांनी ठेवले, त्यामुळे ज्या वस्तीचा स्पर्श वर्ज्य होता तेथे पाण्यासाठी उर्वरित गावाला यावे लागले. प्रवचनाने जे साधले नव्हते ते हातपंपाने साधले. (जाता जाता : आपल्या गावातील लोखंडी हातपंपाचा वंशही याच परिसरातला आहे. जालन्याच्या मिशनमधून निघालेला पंप, त्यावर सुधारणा करून सोलापुरात बनलेला पंप आणि त्याच्या आधाराने १९७० च्या दशकात तयार झालेला 'इंडिया मार्क दोन'. हा पंप पुढे जगभरच्या खेड्यांत गेला.)

प्रारंभी आरोळ्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. बाहेरून आलेल्या, शिकलेल्या मुलीशी गावातील बाई मोकळेपणाने बोलत नव्हती. मग गावानेच एक बाई निवडायची आणि तिला जामखेडला शिकवायचे असे ठरले. निवडल्या गेलेल्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, अनेकजणी दलित होत्या, कित्येक नवऱ्याने टाकलेल्या किंवा विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला येत. एकत्र स्वयंपाक, एकत्र जेवण, एकत्र मुक्काम. पुस्तकी शिक्षणाआधी त्यांना आपण माणूस आहोत हे शिकावे लागले, असे आरोळे दांपत्य सांगत असे. मीठ-साखर-पाणी पाजून अतिसाराच्या बाळाला वाचवणे, गर्भारणीने पोटभर जेवावे हे पटवणे, बाळाला जन्मतःच अंगावर पाजणे, स्वच्छ बाळंतपण, क्षयाच्या रोग्याला औषध पुरे करायला लावणे, एवढ्या गोष्टी या बायकांनी केल्या. कुष्ठरोग्यांना वेगळ्या वसाहतीत न पाठवता त्यांच्याच गावात, त्यांच्याच घरात उपचार मिळाले; आरोग्यसेविका त्यांच्या अंगणात बसून चहा पिऊ लागली तशी इतरांची भीती चेपली. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला.

आरोळे प्रोटेस्टंट परंपरेतले होते आणि त्यांच्या कामामागे एक धर्मविचार होता, तो काथॉलिक वाचकांना फारसा परिचित नाही. १९६४ मध्ये जर्मनीतील ट्युबिंगेन येथे मिशन इस्पितळांच्या भवितव्यावर एक परिषद भरली. आरोग्यदान हे इस्पितळांना आणि डॉक्टरांना कंत्राटाने देऊन टाकण्याचे काम नसून ते संपूर्ण मंडळीचे पाचारण आहे, असा निष्कर्ष तेथे निघाला. त्यातूनच १९६८ मध्ये जिनिव्हा येथे चर्चेसच्या जागतिक परिषदेचा ख्रिस्ती वैद्यकीय आयोग स्थापन झाला. काथॉलिक ख्रिस्तसभा या परिषदेची सभासद नाही, परंतु हा विचार आपल्याला परका वाटू नये. जागतिक आरोग्य संघटनेचे कार्यालय तेथून जवळच होते आणि तिचे प्रमुख हाफ्डन माहलर यांनी पूर्वी भारतात क्षयरोग निर्मूलनाचे काम केले होते. जामखेडचा अनुभव असा जगापुढे गेला आणि सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आता येथे १३४ देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा स्वीकारला, त्यामागील प्रेरणांत त्याचा समावेश होतो. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि १९९० मध्ये डॉ. रजनीकांत यांना पद्मभूषण. मेबलताई १९९९ मध्ये व रजनीकांत २०११ मध्ये प्रभूच्या घरी गेले. त्यांच्या पुढच्या पिढीने काम चालू ठेवले. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात 'आशा' कार्यकर्तीची योजना आली, तिच्या मागे जामखेडच्या सेविका उभ्या आहेत. धाराशिवच्या कोणत्याही खेड्यात आज आशाताई दार वाजवते, तेव्हा त्या हाकेत थोडेसे जामखेड असते.

मुक्ताबाई पोळ या जामखेडच्या आरोग्यसेविकेने १९८८ मध्ये वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले होते. सभागृहातील झगमगत्या दिव्यांकडे बोट दाखवून त्यांनी सोबत नेलेल्या लहान दिव्यांशी तुलना केली : मोठा दिवा सुंदर पण महाग आणि आवाक्याबाहेरचा, साधा दिवा हातात घेऊन कोठेही जाता येते आणि त्यावर दुसरा दिवा लावता येतो.

या साऱ्यात धर्मांतराचा प्रश्न येतोच, कारण तो विचारला जातो. गावे ख्रिस्ती करणे हा जामखेडचा हेतू नव्हता. सेविका हिंदू, बौद्ध, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सर्व होत्या आणि आपापल्या श्रद्धेत राहिल्या. आरोळे स्वतः ख्रिस्ती आहेत हे त्यांनी लपवले नाही आणि औषधाच्या बदल्यात कोणाकडून काही मागितले नाही. माझ्या मते हीच शुद्ध ख्रिस्ती साक्ष होय. दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परतला, म्हणून प्रभूने उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य काढून घेतले नाही.

आपल्या काथॉलिक परंपरेतही हा प्रवाह आहे. ऑस्ट्रेलियातून येऊन आंध्रातील गुंटूर येथे १९२० पासून काम करणाऱ्या डॉक्टर धर्मभगिनी मेरी ग्लाउरी यांनी १९४३ मध्ये काथॉलिक इस्पितळांची राष्ट्रीय संघटना उभी केली. त्या काळी धर्मभगिनींना वैद्यकीय व्यवसायासाठी रोमची खास परवानगी लागत असे. प्रसूतिसेवेवरील निर्बंध १९३६ मध्ये सैल झाले. पुढे या संघटनेच्या नावातील 'हॉस्पिटल' शब्दाच्या जागी 'हेल्थ' हा शब्द आला, यात विचारांचा बदल दिसतो.

धाराशिव : जेव्हा माळवदच कोसळले

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन आटोपून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांच्या सीमेवरील जमीन हादरली. केंद्र किल्लारीजवळ होते आणि धाराशिवच्या बाजूला सास्तूर व आजूबाजूच्या गावांचा चक्काचूर झाला. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.२ होती, जगाच्या मानाने ती फार मोठी नव्हे. आठ ते दहा हजार माणसे मेली ती मुख्यतः दगडमातीच्या भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. ज्या छपरातून आजाऱ्याला प्रभूपुढे सोडता येते असे आपण म्हणतो, त्याच छपराने एका रात्रीत घरेच्या घरे गाडली.

शासन, लष्कर, जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेला पुनर्वसन कार्यक्रम आणि शेकडो संस्था यांनी पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवली. मदतकार्यात काथॉलिक समाजाच्या वतीने कारितास इंडिया होती आणि प्रोटेस्टंट मंडळींची कासा होती. घरे भूकंपाला तोंड देणारी झाली. परंतु रुंद रस्ते आणि सरळ रांगा यांच्या नव्या वसाहतीत जुनी गल्ली, जुना शेजार, ओट्यावरची बैठक उरली नाही, अशी हळहळ तेथील लोक कैक वर्षे बोलून दाखवत राहिले. बरे होण्यासाठी माणसाला सिमेंट लागते तसा शेजारही लागतो. अशा ठिकाणी मनाचे दुखणे भरून काढण्याचे काम कोणा एका धर्माच्या माणसांनी केले नाही आणि तसा दावा आपण करू नये. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावच्या स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले, ते काम जामखेडच्या सख्ख्या बहिणीसारखे आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ आहे आणि ख्रिस्ती एक टक्क्याहूनही कमी. इतक्या थोड्यांचा समूह म्हणजे काय, हा प्रश्न तेथे राहणाऱ्या कुटुंबाला रोज पडतो. वसईत किंवा श्रीरामपुरात आजारी पडलेल्या माणसाच्या दारात संध्याकाळपर्यंत वीसजण येतात, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेत हजारो येतात. भूम किंवा कळंबच्या एकट्या काथॉलिक शिक्षकाकडे प्रथम येतात ते त्याचे हिंदू आणि मुस्लिम शेजारी. त्यांना आपण 'चौघां'मध्ये मोजतो की नाही? मार्कने त्या चौघांचा धर्म वा कुळ नोंदवलेले नाही.

याच जिल्ह्यातील तेर हे संत गोरोबा कुंभारांचे गाव. हात गमावलेल्या गोरोबांना पंढरपुरी कीर्तनात, टाळ्या वाजवणाऱ्या संतमंडळीत ते परत मिळाले, अशी आख्यायिका सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. ती श्रद्धा वारकऱ्यांची आहे, आपण तिच्यावर हक्क सांगणार नाही. परंतु आरोग्य एकांतात न मिळता संगतीत मिळते, ही जाणीव या मातीत ख्रिस्ती मिशनरी येण्याच्या कितीतरी आधी होती.

जानेवारी २०२० मध्ये धाराशिव येथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याच्या अध्यक्षपदी आपले फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. धर्मगुरूची निवड झाली म्हणून काही गटांनी विरोध केला होता. पाठीच्या दुखण्याने ते जर्जर होते. तरीही ते गेले. एका काथॉलिक धर्मगुरूला मराठीच्या सर्वोच्च व्यासपीठावर ज्या गावाने बसवले, त्या गावात ख्रिस्ती मतदार नगण्य आहेत. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले.

धर्मग्रामासाठी काही उपयुक्त माहिती

आजाऱ्यांच्या तैलाभ्यंगासाठी धर्मगुरूला रोगी शुद्धीवर असतानाच कळवावे. मोठी शस्त्रक्रिया गंभीर आजारासाठी असेल तर ती होण्याआधी संस्कार घेता येतो; वृद्धांना विशेष आजार नसला तरी शक्ती क्षीण झाली असल्यास घेता येतो. आधी पापनिवेदन करण्याची इच्छा असेल तर घरच्यांनी तेवढा वेळ खोलीबाहेर थांबावे. पलंगाजवळ लहान मेजावर स्वच्छ पांढरे वस्त्र, क्रूस आणि मेणबत्ती ठेवावी. तेल धर्मगुरू आणतात. ते पवित्र सप्ताहातील तैलाशीर्वादाच्या मिस्सावेळी महागुरूंनी आशीर्वादित केलेले असते. कपाळाला व हातांना तेल लावले जाते. ख्रिस्तप्रसाद घेता येत असल्यास तोही दिला जातो.

घरातील लहान मुलांना खोलीबाहेर काढू नये. शेजारी, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, उपस्थित राहू शकतात. विधी आटोपल्यावर घाईने निघू नये. रोग्याच्या औषधांची वेळ काय, ती कोण देते, पुढच्या तपासणीला कोण घेऊन जाणार आणि त्या दिवशी घरी मुलांना जेवू कोण घालणार, हे तेथेच विचारून, नावे ठरवूनच घराबाहेर पडावे.